आधी कान, मग जीभ

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'इंग्रजी संभाषण वर्ग कसे चालवावेत'. मी शिक्षक नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. दिवसातले दोन-तीन तास परदेशातल्या सहकाऱ्यांशी फोनवर बोलण्यात जातात, आणि रविवारी सकाळी मोहल्ल्यातल्या मुलामुलींचा वर्ग घेतो. त्या वर्गातून जे हाती लागलं तेवढंच सांगणार आहे. विषय मात्र थोडा लहान करून घेतो. ज्यांना एबीसीडीपासून सुरुवात करायची आहे त्यांच्याबद्दल मी आज बोलणार नाही, आणि ज्यांचं इंग्रजी चांगलं आहे त्यांना आपली गरज नाही. मी बोलणार आहे मधल्या पायरीवर अडकलेल्यांबद्दल. आपल्या वस्त्यांत हीच संख्या सर्वांत मोठी आहे आणि यांच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

ही मुलं कोण? उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावी-बारावी झालेली, पुढे बीकॉम, बीएस्सी, डिप्लोमा, इंजिनिअरिंग करणारी. इंग्रजीत पास आहेत, काही तर चांगल्या गुणांनी. पाठ्यपुस्तकातला उतारा वाचतात, अर्ज लिहितात, काळ ओळखतात, कर्तरीचं कर्मणी करून दाखवतात. पण फोनवर कुणी इंग्रजीत दोन वाक्यं बोललं की गप्प. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आमच्या वेळी पाचवीपासून होतं. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या मुलाने बारा-बारा वर्षं इंग्रजी विषय घेतलेला असतो, आणि त्या बारा वर्षांत इंग्रजी ऐकलेलं असतं फारच थोडं. बाईंनी वाचलेला धडा आणि मग बाईंनी मराठीत किंवा उर्दूत सांगितलेला अर्थ, संपलं.

दहावीला भाषेचे ८० गुण लेखी आणि २० तोंडी-अंतर्गत असतात. २०१९ च्या परीक्षेला हे २० गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल आधीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळं खापर त्यावर फोडता येणार नाही. पण पुढच्या वर्षी हे गुण परत आले, आणि ते शाळांत कसे मिळतात हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको. तोंडी परीक्षा म्हणजे पाठ केलेली एक कविता आणि 'मायसेल्फ अमुक तमुक'.

याचा परिणाम मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघतो. ऑफिसात नवीन मुलांच्या मुलाखती घेणं हा माझ्या कामाचा भाग आहे. एका मुलीची फोनवरची मुलाखत होती. तिने पाठवलेला कोड स्वच्छ होता, आमच्याकडच्या काही जुन्या लोकांपेक्षा बरा. माझ्यासोबत परदेशातले एक सहकारी होते. त्यांनी विचारलं, हा भाग तू का सोडून दिलास? ती म्हणाली, 'येस सर.' त्यांना वाटलं ऐकू गेलं नसेल, पुन्हा विचारलं. पुन्हा 'येस सर'. तिसऱ्यांदा मी सावकाश विचारलं, तेव्हा तिने बरोबर उत्तर दिलं आणि कारणही पटण्यासारखं होतं. पण तोवर समोरच्याचं मत झालं होतं. अहवालात शब्द होता 'कम्युनिकेशन'. हा एक शब्द आपल्या किती मुलामुलींच्या नावापुढे लिहिला जातो याचा विचार करा.

आता माझं म्हणणं सांगतो. त्या मुलीला बोलता येत नव्हतं असं नाही. तिला ऐकू येत नव्हतं. प्रश्नातला प्रत्येक शब्द तिला माहीत होता. लिहून दिला असता तर एका सेकंदात समजला असता. मधल्या पायरीवरच्या विद्यार्थ्याची खरी अडचण कानात असते आणि आपले सगळे 'फाडफाड इंग्रजी बोला'वाले वर्ग उपचार करतात जिभेवर.

कानाची अडचण का होते? आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. वर देवनागरीत लिहून शिकलो, आणि आपल्या लिपीचा स्वभाव असा की लिहिलेलं प्रत्येक अक्षर बोलायचं. मराठी, उर्दू, दखनी, सगळ्यांत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा वेळ देतो. इंग्रजी तसं चालत नाही. त्यात वाक्यातले दोन-तीन शब्द ठळक येतात आणि मधले सगळे चिरडले जातात. 'व्हॉट डू यू वॉन्ट टू डू' हे सहा शब्द कानावर येतात ते 'व्हड्यू वॉना डू' असे. 'कम्फर्टेबल'मधलं 'फर्टे' बोलणाऱ्याच्या तोंडात नसतंच, तो 'कम्फ्टबल' म्हणतो. मुलगा 'कम्फर्टेबल'ची वाट बघत बसतो आणि शब्द त्याच्या समोरून निघून जातो.

माझ्या कामातलं रोजचं उदाहरण म्हणजे 'कॅन' आणि 'कान्ट'. अमेरिकन माणूस 'काम शुक्रवारपर्यंत करू शकतो' म्हणताना 'कॅन' असं स्पष्ट म्हणत नाही. तो म्हणतो 'आय क्न डू इट'. आणि 'करू शकत नाही' म्हणताना 'कॅन्' मोठ्याने म्हणतो, शेवटचा 'ट' गिळतो. आपल्या मुलाला स्पष्ट 'कॅन' ऐकू आलं म्हणून तो होकार समजतो. नेमका उलटा अर्थ! व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नसतं आणि यावर माणसांचे करार, पगार, डेडलाइन अवलंबून असतात.

आता मी जे उदाहरण देणार आहे त्याचं इथल्या काहींना आश्चर्य वाटेल, पण देतो. आपल्यापैकी बरेच जण लहानपणी मक्तबमध्ये गेलेले आहेत. तज्वीद शिकलेले आहेत, थोडी का होईना. नून साकिननंतर 'बा' आला तर काय होतं? नूनचा मीम होतो. त्याला इकलाब म्हणतात. लिहिताना नून, वाचताना मीम. काही ठरावीक अक्षरांआधी नून पुढच्या अक्षरात विरून जातो, तो इदगाम. आठ वर्षांचं पोर हे करतं, आणि चुकलं की हाफिजजी तिथल्या तिथे थांबवतात. इंग्रजीत काय होतं? 'टेन बॉइज' पटकन म्हणा. 'टेम बॉइज' होतं. 'ग्रीन पार्क'चं 'ग्रीम पार्क' होतं, 'हँडबॅग'चं 'हॅम्बॅग'. हाच इकलाब. जिभेची आणि ओठांची रचना सगळ्या माणसांची सारखीच, त्यामुळे अरबीत जे घडतं तेच इंग्रजीत घडतं. मराठी माध्यमाच्या मुलांना हीच गोष्ट संधीतून सांगता येते: जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. 'त'चा 'न' झाला.

मी वर्गात हे पहिल्यांदा फळ्यावर मांडलं तेव्हा मागच्या बाकावर बसणारी, कधीच तोंड न उघडणारी दोन मुलं ताठ झाली. 'सर, ये तो हमें आता है.' खरंच येत होतं. सलग बोलण्यात अक्षरं बदलतात ही कल्पना त्यांच्या कानाला पाच-सहा वर्षं शिकवलेली होती. क़ाफ आणि काफ यांतला फरक ज्याला ऐकू येतो, त्याचा कान तयार आहे. त्या कानाचा इंग्रजीसाठी कुणी उपयोग केला नव्हता, एवढंच.

मक्तबमधून घेण्यासारखं आहे ते हे: उस्ताद एकेका मुलाला समोर बसवून ऐकतो, छोटा तुकडा घेतो, आणि तो तुकडा नीट झाल्याशिवाय पुढे जात नाही. आणि न घेण्यासारखं काय तेही आपल्या चळवळीला वेगळं सांगायला नको. अर्थ न कळता पाठ करणं. आपण त्यावर इतकी वर्षं बोलतोय, आणि इंग्रजीच्या वर्गात तेच करतोय. दीड पानाचा 'सेल्फ इंट्रोडक्शन' लिहून द्यायचा, तो पाठ करून घ्यायचा, टाळ्या वाजवायच्या, प्रमाणपत्र द्यायचं. मुलाखत घेणाऱ्याने मध्येच एक साधा प्रश्न विचारला की मुलगा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो. मी हे होताना पाहिलं आहे. असे वर्ग आपण बंद करावेत असं माझं स्पष्ट मत आहे, मग ते आपल्याच शाखेत का चालत असेनात.

मग वर्गात करायचं काय?

नेहमीची पद्धत अशी: ध्वनिफीत लावा, पाच प्रश्न विचारा, उत्तरं तपासा, पुढची फीत. ब्रिटिश भाषातज्ज्ञ जॉन फील्ड यांनी २००८ च्या त्यांच्या पुस्तकात याच पद्धतीवर बोट ठेवलं आहे. ही ऐकण्याची परीक्षा झाली, शिकवणं कुठे झालं? पाचपैकी तीन बरोबर आले हे कळलं, पण उरलेले दोन का चुकले हे ना शिक्षकाला कळलं ना मुलाला. आम्ही इंजिनिअर लोक याला लॉग न बघता बग शोधणं म्हणतो.

म्हणून आम्ही वीस-तीस सेकंदांचाच तुकडा घेतो. क्रिकेटचं समालोचन यासाठी फार उपयोगी पडतं, कारण मैदानावर काय चाललंय हे मुलांना आधीच माहीत असतं. हर्षा भोगलेंचं इंग्रजी स्वच्छ आहे, आपल्याकडचं आहे, त्याने सुरुवात करावी. मग बीबीसीचं 'सिक्स मिनिट इंग्लिश'. तुकडा तीन वेळा लावायचा, मुलांनी जे ऐकू आलं ते लिहायचं, अर्धवट असलं तरी. मग शेजाऱ्याशी ताडून बघायचं. मग छापील मजकूर द्यायचा आणि जिथे फरक आहे तिथे लाल पेनाने गोल करायचा. तो गोल म्हणजे आमचा त्या दिवसाचा धडा. एकदा 'शुड हॅव' या दोन शब्दांच्या जागी वीसपैकी सतरा जणांनी 'शुडा' असं काहीतरी लिहिलं होतं. अर्धा तास त्यावरच गेला आणि तो अर्धा तास मला पूर्ण महिन्यात सर्वांत कामाचा वाटतो. वेग कमी करून ऐकवायचा मोह होतो, तो टाळा. वेग कमी केला की शब्द ताणले जातात, पण गिळलेली अक्षरं परत येत नाहीत.

याचीच मोठी आवृत्ती म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या रूथ वाजनरिब यांची, १९९० च्या पुस्तकातली पद्धत. छोटा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. सगळं लिहून घेता येणार नाही इतका वेग हवा. मुलं फक्त महत्त्वाचे शब्द टिपतात आणि मग तिघा-चौघांच्या गटात बसून तो उतारा पुन्हा रचतात. इथे ऐकणं, व्याकरण आणि बोलणं एका जागी येतं. 'हॅड गॉन' होतं की 'हॅज गॉन', यावर मुलं भांडतात. काळ शिकवायचा यापेक्षा चांगला रस्ता मला सापडलेला नाही.

बोलण्याकडे येतो. मधल्या पायरीवरच्या मुलाला नवे शब्द फारसे नकोत. आहेत ते तोंडात लवकर यायला हवेत. त्यासाठी ४-३-२ नावाचा व्यायाम आहे. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये त्यावर लिहिलं. मुलगी एका विषयावर जोडीदाराला चार मिनिटं सांगते. मग जोडीदार बदलतो, तीच गोष्ट तीन मिनिटांत. मग तिसरा जोडीदार, दोन मिनिटं. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही, चूक दुरुस्त करायची नाही. तिसऱ्या खेपेला अडखळणं कमी होतं हे मुलीला स्वतःलाच जाणवतं. विषय तिच्या माहितीचा हवा. 'पोल्यूशन' नको. 'आमच्या घरी शीरखुर्मा कसा करतात' चालेल, 'गॅरेजमध्ये क्लच प्लेट कशी बदलतात' चालेल. बेकरीत काम करणारा एक मुलगा नानखटाईवर चार मिनिटं बोलला, आणि त्याला इतकं इंग्रजी येतं हे वर्गाला त्या दिवशी कळलं.

दुसरी गोष्ट, बोलायला कारण द्या. यात आपल्याच देशातलं काम जगभर नावाजलं गेलेलं आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत बंगलोर प्रकल्प चालवला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रकं, हिशेब अशी कामं इंग्रजीतून सोडवायला दिली. आज ज्याला टास्क म्हणतात त्याची सुरुवात सांगताना प्रभूंचं नाव टाळता येत नाही. आम्ही एका मुलाला रेल्वेच्या वेळा देतो, दुसऱ्याला एसटीच्या. सांगलीहून निघून सकाळी अकराला मुंबईत शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला पोचायचं आहे, खिशात सातशे रुपये आहेत. कागद एकमेकांना दाखवायचा नाही. प्रभू स्वतः मुलांना गटात आपसात बोलायला देण्याच्या विरोधात होते. एकमेकांच्या चुका पक्क्या होतील अशी त्यांना भीती होती. शाळेतल्या नवशिक्यांच्या बाबतीत ते बरोबर असेल. आपल्या मुलांना चुकांपेक्षा मुकेपणाची अडचण जास्त आहे, म्हणून जोड्या करायच्याच.

एक बारीक गोष्ट, पण सांगतो. मराठीत जोर द्यायला आपल्याकडे 'च' आहे. 'मीच पाठवलं', 'मी पाठवलंच', 'मी कालच पाठवलं'. उर्दूत 'ही' आहे. इंग्रजीत हे काम आवाजावर होतं. 'आय सेंट इट यस्टर्डे' या वाक्यात 'आय' मोठ्याने म्हटलं की 'मीच', 'यस्टर्डे' मोठ्याने म्हटलं की 'कालच'. आपली मुलं सगळं एका पट्टीत म्हणतात आणि ऐकणाऱ्याला 'च' कुठे आहे ते कळत नाही. वर्गात 'च' शोधायचा खेळ घ्या. तो ऐकतानाही उपयोगी पडतो आणि बोलतानाही.

उच्चारांबद्दल फार वेळ घालवू नका. जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली एक चांगला प्रश्न विचारला: दोन्ही बाजूंना इंग्रजी परकी असेल तेव्हा कुठल्या उच्चारामुळे खरोखर गैरसमज होतो? 'थिंक'मधला 'थ' आपल्या पद्धतीने म्हटला तर काही बिघडत नाही. शब्दाच्या सुरुवातीला एखादा स्वर वाढला तरी फारसं अडत नाही. म्हणजे 'इस्कूल', 'इस्टेशन' म्हणणाऱ्या मुलाला हसण्यासारखं काही नाही, आणि त्याला हसू नका हे मी मराठी माध्यमातून आलेल्या मित्रांना मुद्दाम सांगतो. तोच मुलगा 'झेड' आणि 'जे' तुमच्यापेक्षा वेगळे आणि स्वच्छ म्हणतो. लक्ष द्यायचं असेल तर लहान-मोठ्या स्वरांकडे द्या, 'शिप' आणि 'शीप', आणि शब्दाच्या सुरुवातीच्या 'प', 'ट', 'क' कडे. ते आपण इतके हलके म्हणतो की इंग्रजाला 'पिन'चं 'बिन' ऐकू येतं.

'वर्गात फक्त इंग्रजी' असा नियम मला मान्य नाही. त्यात हुशार मुलं बोलतात आणि बाकीची गप्प बसायला शिकतात. गिळलेला शब्द समजावायला, शंका विचारायला, चिडायला मुलाला मराठी हवी, दखनी हवी. काम इंग्रजीत, कामाबद्दलचं बोलणं आपल्या भाषेत.

मुलींबद्दल. मिश्र जोडीत मुलगा तीन मिनिटं बोलतो आणि मुलगी एक, हे मी घड्याळ लावून पाहिलं आहे. पहिले काही रविवार मुलींच्या जोड्या मुलींशीच ठेवा, मग सावकाश बदला. आवाज रेकॉर्ड करून ऐकणं उपयोगी आहे, पण रेकॉर्डिंग ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहील, व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाही, हे पहिल्या दिवशी घरच्यांसमोर सांगा आणि पाळा. फिरलेल्या एका क्लिपमुळे मुलीचं येणं बंद होतं. मग तिच्या मागच्या गल्लीतल्या चार मुलीही येत नाहीत.

आणि 'येस सर'. मोठ्यांना उलट विचारू नये, हे आपल्या घरांत बेअदबी मानलं जातं. त्यामुळे न कळलेल्या प्रश्नाला होकार देणं हीच मुलांना तहजीब वाटते. पुन्हा विचारणं हे कौशल्य म्हणून शिकवायला लागतं. 'रिपीट प्लीज' नको, त्यातून समोरच्याला काय कळलं नाही ते समजत नाही. 'सॉरी, डिड यू से फिफ्टीन ऑर फिफ्टी?' असं नेमकं. 'यू आर आस्किंग व्हाय आय लेफ्ट धिस आउट, राइट?' असं. आमच्या वर्गात दर रविवारी दहा मिनिटं मी मुद्दाम भराभर आणि तोंडातल्या तोंडात बोलतो, आणि जो मला अडवणार नाही त्याचा गुण जातो. पहिल्या दोन-तीन रविवारी कुणी अडवत नाही. चौथ्या रविवारी एका मुलीने मला हात दाखवून थांबवलं, म्हणाली, 'सर, यू सेड ट्यूजडे ऑर थर्सडे?' व्याकरणात चूक होती. मी दुरुस्त केली नाही.

नवीन वर्ग सुरू करणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. फोनच्या आवाजावर वर्ग घेऊ नका, मागच्यांना काही ऐकू जात नाही. हजार-बाराशे रुपयांचा छोटा स्पीकर घ्या. आणि वीसच्या वर मुलं झाली तर दुसरी तुकडी करा, हॉल भरलेला दिसावा म्हणून वाढवू नका. वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर आता घेऊ, मराठीत विचारा, हिंदीत विचारा, चालेल.